पाणी न ओलांडता

आत्याबाईंचं आणि माझं पहिलं भांडण लग्नाच्या मांडवातच व्हायचं, पण नवरीनं तोंड उघडायचं नसतं म्हणून ते सासरी पोहोचेपर्यंत लांबलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि जीभ अशी की खळ्यावर कुणाशी वाजलं तर पुरुषसुद्धा त्यांना आधी बोलून घेऊ देत आणि मग गुपचूप घरची वाट धरत. मीही काही गरीब गाय नव्हते. माझी आई म्हणे, "हिला देताना हुंड्यात एक कुलूपही द्यायला हवं होतं, तोंडाला लावायला."

भांडणाचं मूळ म्हणजे मांडे. लग्नात माझ्या माहेरी खापरावरचे पुरणाचे मांडे केले होते. वरमाईची पंगत बसली आणि नेमके मांडे संपले. काकूनं घाबरून ताटात वरण-भात वाढला. आत्याबाईंनी त्या भाताकडे पाहिलं, ताटाला हात जोडले आणि उठल्या. "या उंबऱ्यात मी परत पाय ठेवणार नाही," असं साऱ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. त्यांनी पाय ठेवला नाही ते ठीक, पण माझाही टिकू देईनात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी गेले की झोक्याचा दोर बांधून होतो न होतो तोच सासरची गाडी न्यायला हजर.

आत्याबाईंचं बोलणं मी त्यांच्या अहिराणीतच लिहिते. शाळेच्या मराठीत लिहिलं तर त्यातला अर्धा ठसका निघून जाईल आणि त्या वरून मला शिव्या देतील. माझं आणि बाकीच्यांचं बोलणं मात्र साधं करून लिहिते. मीही तेव्हा अहिराणीच बोलत होते, आणि तेही कमी कडू नव्हतं.

जर्मनची लढाई सुरू व्हायच्या एकदोन वर्षं आधीची गोष्ट. मार्गशीर्षात माझा चुलता कुंकू लावलेल्या अक्षता घेऊन आला. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न माघात ठरलं होतं. ती माझी एकुलती बहीण. लहानपणी माझ्या कमरेवर बसून वाढलेली. चुलत्यानं अक्षता पुढे केल्या, आत्याबाईंनी त्या देवाजवळ ठेवल्या, त्याला दूध-गूळ दिला, आणि तो वेशीबाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "नही म्हंजे नही."

मी रडले, रुसले, एक दिवस भाजीत मीठ घातलं नाही. आत्याबाईंनी ती भाजी मिटक्या मारत खाल्ली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरातले कर्ते खरे, पण बायकांच्या भांडणात त्यांना नेमका त्याच वेळी बैलांना पाणी पाजायचं आठवे. आमचे हे तर आईसमोर मान वर करत नसत. दीर, चुलत दीर, गडी, सगळे आत्याबाईंच्या एका हाकेत सरळ. मग राहिला एकच रस्ता, तो म्हणजे देवीचा फेरा.

आमच्या घराण्यात हा जुना रिवाज होता. सारंगखेड्याची यात्रा आटोपली, कपाशीची पहिली वेचणी घरात आली, की सातपुड्याच्या पायथ्याशी गाड्या घेऊन जायचं. तिथं रानातून एक नाला खाली येतो. त्याच्या मुळाशी, वर डोंगरात, उंबराखाली एक झरा आणि शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे वाटोळा दगड. ती आमची देवी. घरातल्या एका बाईनं नाल्याच्या एका काठानं वर चढायचं, झऱ्याला वळसा घालायचा आणि दुसऱ्या काठानं खाली उतरायचं. पाणी सबंध वाटेत उजव्या हाताला ठेवायचं, कारण ही देवीची प्रदक्षिणा. पाणी ओलांडायचं नाही, कारण तो देवीचा पदर. मागे फिरायचं नाही. आणि सूर्य बुडायच्या आत खाली गाड्यांपाशी पोहोचायचं. फेरा पुरा करणाऱ्या बाईनं घराकडे एक मागणं मागायचं, ते घरानं मोडायचं नाही.

वर्षानुवर्षं हा फेरा आत्याबाईच करत. एका वर्षी त्यांनी तांब्याचा हंडा मागितला, एका वर्षी दुभती म्हैस. एका वर्षी म्हणे मामंजींनी तपकीर सोडावी असं मागितलं, आणि मामंजी तेव्हापासून ती गोठ्यात जाऊन ओढत. त्या वर्षी गडी गाड्यांत गवत पसरत होते, सगळे अंगणात होते, तेवढ्यात मी पदर सावरून म्हटलं, "यंदा फेरा मी करीन."

मी काय मागणार ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सून फेरा मागते म्हटल्यावर नाही म्हणायची सोय रिवाजात नव्हती. पण एक मोठी बाई साक्षीला मागून चालते, तेवढी सोय होती. आत्याबाईंनी गाडीतल्या गवतावर घोंगडी आपटली.

"साक्षीले मी येसू," त्या म्हणाल्या.

रात्री पायथ्याच्या गावाशी मुक्काम पडला आणि मावठं आलं. हिवाळ्यातला हा अवकाळी पाऊस आमच्याकडे कधी चार थेंब टाकून जातो, कधी शेतातली बोंडं काळी करून जातो. त्या रात्री तो मनसोक्त पडला. मामंजी कपाशीच्या काळजीनं उसासे टाकत होते. मी गाडीखाली पाय पोटाशी घेऊन पडले होते आणि मला एवढंच वाटत होतं की वाट निसरडी होईल. खरं संकट कुठून येणार आहे ते डोक्यातच आलं नाही. आम्ही तापीकाठच्या काळ्या सपाट जमिनीतली माणसं. डोंगरात पाऊस पडला की काय होतं ते आम्हाला कुठून ठाऊक?

सकाळी थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. धुकं नाल्यातून वर येत होतं. मी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, कमरेला भाकरीची पुरचुंडी बांधली, पाणी उजव्या हाताला घेतलं आणि निघाले. मागून आत्याबाई, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. बाई चढायला लागली की पुरुषमाणसं गाड्या उतारातून नाल्यापलीकडे नेऊन उभ्या करत. फेरा तिथं संपायचा. इतर वर्षी आत्याबाई दुपार कलायच्या आत हसत खाली येत.

सागाची मोठी पानं खाली पडून भिजली होती, त्यामुळे पाय वाजत नव्हते. मी झपाझप चालत होते. मनात बहिणीला हळद लावून झाली होती, मी मांडवात मिरवतही होते. तेवढ्यात डाव्या अंगानं एक ओघळ आडवा आला. एरवी हिवाळ्यात तो कोरडा ठणठणीत असतो, नुसते गोटे. आज त्यातून हातभर रुंद पाणी खळखळत नाल्यात जात होतं. मी पाऊल उचललं.

"हां!" मागून आवाज आला. "पानी!"

"हे काय पाणी आहे आत्याबाई? हे कालच्या पावसाचं. देवीचं पाणी तिकडे, नाल्यात."

"पानी ते पानी. नाला काय अन् ओघळ काय. देवी काय आंधळी शे?"

मी पाऊल खाली घेतलं. ओलांडलं तर फेरा मोडला, मागे फिरले तरी मोडला. मग उरलं काय? ओघळाच्या काठाकाठानं वर चढत त्याचं पाणी जिथं सुरू होतं तिथपर्यंत जायचं, त्याच्या उगमाला वळसा घालायचा आणि पलीकडच्या काठानं परत नाल्यापर्यंत यायचं. म्हणजे फेऱ्याच्या आत आणखी एक फेरा. हातभर पाण्यासाठी आम्ही अख्खी टेकडी चढलो. करवंदीच्या जाळीनं माझा पदर फाडला. वर एका खडकाखाली पाणी ठिबकत होतं, तिथून वळलो आणि खाली आलो. जिथून निघालो ती जागा समोरच दिसत होती, थुंकलं तर पोहोचेल एवढी जवळ. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

थोडं पुढं गेलो तर दुसरा ओघळ.

"हां!" आत्याबाई म्हणाल्या. त्यांना मजा वाटत होती. मला पाठीतून कळत होतं.

दुसऱ्या ओघळाच्या वळशात धुकं विरलं आणि ऊन आलं. घोंगडी नकोशी झाली. घामानं चोळी पाठीला चिकटली. तिथं डोंगरातली एक पावरा आदिवासी बाई भेटली, डोक्यावर गवताचा भारा. ती ओघळ ओलांडून गेली, मग दुसरा भारा आणायला परत ओलांडून आली, आणि आम्ही आपल्या अजून काठाकाठानं चढतोय. ती उभी राहिली. काहीतरी विचारलं, तिची बोली आम्हाला कळेना. आम्ही दोघी खाली पाण्याकडे बघत बघत चालत होतो, त्यावरून तिनं ठरवलं की आमचं जनावर हरवलंय. तिनं भारा खाली टाकला, तोंडानं शेळीसारखं "बें बें" करून हाका मारल्या आणि आमच्यापुढे झुडपं हलवत निघाली. ती पार उगमापर्यंत आमच्याबरोबर शेळी शोधत आली. आत्याबाईंनी तिला हातवारे करून पाणी, देवी, प्रदक्षिणा सगळं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा शेळीला हाक मारली. मला हसू आवरेना. आत्याबाईंनी डोळे वटारले, पण त्यांच्याही तोंडाचा कोपरा हलत होता.

तिसऱ्या ओघळापाशी मी नुसतं वळून बघितलं. आत्याबाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या. उजवा गुडघा त्या जरा वाकडा ठेवत होत्या. तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं की साक्षीदारालाही तेवढंच चालावं लागतं.

"हाऊ बारीक शे," त्या म्हणाल्या. "मारी ले उडी."

मला काय झालं कुणास ठाऊक. डोकं तापलेलं होतंच. मी कमरेवर हात ठेवले. "नाही हं आत्याबाई! पाणी ते पाणी. देवी काय आंधळी आहे?"

"म्हनस ते ऐक. इतला ओघळ सोड."

"सोडायचे तर सगळे सोडा. पावसाचं पाणी मोजायचं नाही, असं एकदा सांगा. मग मी पुढचे सगळे उड्या मारत जाते."

आत्याबाईंनी विचार केला. मला वाटलं, जिंकले. पण त्यांचं मोठेपण असं स्वस्तात जाणारं नव्हतं. हा एक ओघळ बारीक आहे म्हणून सोडायचा, बाकीच्यांचं पुढे बघू, एवढंच त्या कबूल करायला तयार होत्या. मी नाही म्हटलं. त्यांनी नाक उडवलं. "मंग चाल!" आणि आम्ही दोघी, एकीचा गुडघा दुखतोय, दुसरीचा वेळ चाललाय, दोघींनाही ओघळ ओलांडायचा आहे, आणि दोघी टेकडी चढतोय. अडाणीपणाला काही सीमा असते म्हणतात. त्या दिवशी मला ती दिसली नाही.

चालताना तोंडं बंद होती असं नाही. खरं तर तोंडांमुळेच पाय चालले. मी ताक नीट घुसळत नाही इथून सुरुवात झाली. मग आत्याबाई गाईला जास्त पेंड घालतात हे निघालं. मग मी सकाळी उशिरा उठते, त्या रात्री घोरतात, माझी भाकरी जाड, त्यांचा ठेचा खारट. एक विषय संपला की आत्याबाई श्वास घेत आणि नवा काढत. घरी एवढं मोकळं भांडायला मिळत नसे. तिथं कुणी ना कुणी मध्ये पडे, नाहीतर दूध उतू जाई. इथं रानात आम्हाला अडवणारं कुणी नव्हतं.

आभाळ पुन्हा भरून आलं ते चौथ्या वळशात. वारा सुटला, सागाची उरलीसुरली पानं फडफडली, आणि बघता बघता गारा. हरभऱ्याएवढ्या, पण टणक. आम्ही पळत एका पुढे आलेल्या खडकाखाली घुसलो. जागा एका माणसाची. आत्याबाईंनी घोंगडी दोघींवर ओढली. गारा खडकावर तडतडत होत्या, आम्ही दोघी घोंगडीत, गुडघ्याला गुडघा लावून. मी पुरचुंडी सोडली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, गुळाचा खडा. आत्याबाईंनी घास तोंडात टाकला.

"ठेचा खारट आहे ना?" मी विचारलं. ठेचा त्यांनीच कुटला होता.

"भाकर जाड शे," त्या म्हणाल्या. आणि अर्धा गूळ मला दिला.

त्यांचा गुडघा सुजून टम्म झाला होता. मी हात लावला तशा त्या ओरडल्या, "मन्हा गुडघा मन्हा शे! तुले काय करनं?" तरी मी दोन्ही हातांनी चोळायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी पाय माझ्याकडे जरा आणखी सरकवला. तेवढा मोका साधून मी विचारून टाकलं, "आत्याबाई, एवढा राग मांड्यांचा? खरं सांगा."

"हां, मांडास्नाच," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या. गारा थांबल्या होत्या. बाहेरची जमीन मीठ सांडल्यासारखी पांढरी झाली होती.

झऱ्यापाशी पोहोचलो तेव्हा पुन्हा ऊन होतं, पण तिरपं. मी तांदळ्याला कुंकू लावलं, नारळ ठेवला. हात जोडले तेव्हा देवीला बजावलं, की माझ्या सासूच्या बाजूनं झालीस तर तुझं नि माझं बरं नाही. आत्याबाई शेजारी हात जोडून बऱ्याच वेळ उभ्या होत्या. त्यांनी काय मागितलं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या काठानं उतरताना ओघळ कमी होते. दोन तर जमिनीखालूनच वाहत होते, पाणी खडकात मुरलेलं, वर कोरडे गोटे. त्यावरून जाताना आत्याबाई खाली वाकून गोटा उचलून बघत, ओला आहे का. मी म्हटलं, "चाटूनही बघा." त्यांनी काठी उगारली. पण आता मी सूर्याकडे बघत होते. तो पलीकडच्या डोंगराच्या अंगाला झुकायला लागला होता. पाय पळायला बघत होते, मागे आत्याबाई लंगडत होत्या, आणि साक्षीदाराला सोडून पुढे जाता येत नव्हतं. मी थांबे, त्या येत, मी चाले, पुन्हा थांबे. ओठ चावून चावून सुजले.

शेवटच्या वळणावर गाड्या दिसल्या. चुलीचा धूर, बैल, मामंजींचं मुंडासं, आमचे हे कपाळावर हात धरून वर बघत उभे. मी "आलो!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात खालून गडगडाट ऐकू आला.

आमच्या आणि गाड्यांच्या मध्ये एक मोठा ओघळ होता. वरच्या अंगाला गारांचा आणि पावसाचा जो मारा झाला होता, ते सगळं पाणी त्यात उतरलं होतं. गढूळ, फेसाळ, मांडीपर्यंत खोल. त्याचं मूळ कुठं असेल म्हणून वर पाहिलं तर तो डोंगराच्या पोटात शिरला होता. वळसा घालायचा म्हणजे रात्र. ओलांडायचं म्हणजे फेरा मोडला. आणि सूर्य डोंगराला टेकायला एवढा एवढा उरला होता.

मी तिथंच गोट्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. रागानं रडले, खोटं कशाला सांगू? "जिंकलात तुम्ही," मी आत्याबाईंना म्हटलं. "झालं तुमच्या मनासारखं! माझ्या बहिणीच्या डोक्यावर अक्षता पडतील तेव्हा मी तुमच्या गाईला पेंड घालत असेन. घ्या, नाचा आता!"

पलीकडून पुरुषमाणसं बघत होती. पाण्याच्या आवाजात त्यांना काही ऐकू जात नव्हतं. आत्याबाई सूर्याकडे बघत होत्या. मग पाण्याकडे. मग त्यांनी काठी पलीकडे भिरकावली, काष्टा वर खोचला आणि माझ्यासमोर पाठ करून वाकल्या.

"बठ पाठवर."

"काय?"

"आते कसाले रडी ऱ्हायनी? बठ. तुन्हा पाय पानीले लागाले नको."

मला पहिल्यांदा वाटलं, दमून यांचं डोकं फिरलं. "तुमचा गुडघा!" मी म्हटलं. "मन्हा गुडघा मन्हा शे," त्या वाकूनच म्हणाल्या, "बठस का नही?" मी बसले. सासूच्या पाठीवर सून, पोरानं बापाच्या पाठीवर बसावं तशी. गळ्याला मिठी मारली. त्या हूं करून उठल्या आणि पाण्यात शिरल्या.

पलीकडे मामंजींच्या हातातली तपकिरीची डबी खाली पडली. आमच्या ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच. साऱ्या गावादेखत सुनेला पाण्यात पाहणारी ही बाई, ती सुनेला पाठीवर घेऊन पाण्यातून येतेय! एक पाऊल, दुसरं पाऊल. पाणी त्यांच्या मांड्यांना ढुसण्या देत होतं. मी पाय जितके वर घेता येतील तितके वर घेतले होते आणि त्यांच्या कानात देवीचं नाव घेत होते. "चूप बठ, कान फोडशी!" त्या ओरडल्या.

मध्यावर गोटा सरकला. आत्याबाईंचा तो उजवा गुडघा वाकला आणि आम्ही दोघी धपकन पाण्यात. डोक्यावरून पाणी गेलं. नाकातोंडात गाळ. मी हात मारत उठले तर आत्याबाई माझ्या शेजारी पाण्यात फतकल मारून बसलेल्या, केस सुटलेले, खोळ वाहून चाललेली. आमचे हे धावत आले. त्यांनी आईला धरलं, तर तिनं त्यांचा हात झिडकारला, मला दंडाला धरून उभं केलं आणि ओढत काठावर नेलं. सूर्याची एक कड अजून वर होती.

आम्ही काठावर उभ्या, दोघींच्या अंगातून पाण्याच्या धारा. दात वाजताहेत. सगळे गोल उभे. शेवटी मामंजींना घरचे कर्ते म्हणून विचारणं भाग पडलं. त्यांनी घसा खाकरला. "पाणी ओलांडलं का?"

मी खाली बघितलं. माझे पाय, लुगडं, केस, सगळं ओलं. आता खोटं बोलायलाही जागा नव्हती.

"वलांडं नही," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. "मग हे काय?"

"आम्ही पडनूत," आत्याबाई ठणकावून म्हणाल्या. "पडनं म्हंजे काय वलांडनं शे का? वलांडनारीना मनमा ऱ्हास. पडनारी बिचारी काय करी? कोनले काय म्हननं व्हई ते म्हना!"

एका गड्यानं हसू दाबायला तोंडात धोतराचा सोगा कोंबला. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "मांग, काय मांगनं शे ते."

मी पदर पिळत म्हटलं, "बहिणीच्या लग्नाला जायचंय."

"जाय," त्या म्हणाल्या. आणि चुलीकडे जाऊन सगळ्यांवर ओरडायला लागल्या, की चहा अजून का झाला नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्हाला एकाच घोंगडीत गुंडाळून टाकलं होतं. कोरडी तेवढी एकच उरली होती. पुढे आमचे हे बैल हाकत होते. आत्याबाईंनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपल्या. मग त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू.

"लगन लागनं का दुसराच दिन ये," त्या म्हणाल्या. "घरमा मन्हासंगे भांडाले कोन शे?"

मी घोंगडीचं टोक ओढून त्यांच्या गुडघ्यावर नीट घातलं.

माघात मी गेले. हळद लागली, अक्षता पडल्या, बहीण माझ्या गळ्यात पडून रडली आणि सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठोडं बांधायला घेतलं तशी आई दारात येऊन उभी राहिली. पाहुणे अजून अंगणात होते, मांडवही उतरला नव्हता.

"एवढी घाई कसली गं?" ती म्हणाली. "दोन वर्षांनी नीट आलीस, राहा ना."

"घरी आत्याबाई एकट्या आहेत," मी म्हटलं.

आई हसायलाच लागली. "एकट्या? त्या घरात माणसांना पाठ टेकायला जागा नाही, असं तूच सांगतेस ना?"

"माणसं पुष्कळ आहेत गं," मी म्हटलं. "पण ती सगळी त्यांचं ऐकतात."